वादळाच्या नावावर किती खपवणार?

सकाळी एका ग्रुपवर बुडणाऱ्या बल्करचा (सुटा माल नेणाऱ्या जहाजाचा) जुना फोटो फिरत होता. खाली कॉमेंट, "समुद्रापुढे कुणाचं चालतं!" आणि त्याखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. डोकंच फिरलं.

एमराल्ड स्टार आठवतंय का कुणाला? 13 ऑक्टोबर 2017. इंडोनेशियाहून निकेलचं खनिज घेऊन चीनला निघालेलं जहाज, खलाशी 26 आणि सगळेच्या सगळे भारतीय. फिलिपिन्सच्या पूर्वेला बुडालं. 16 जणांना आसपासच्या जहाजांनी उचललं, 10 गेले. तेव्हाही हेच, वादळ आणि नशीब. हवा खराब होती, मान्य. पण 57 हजार टनी जहाज खराब हवेसाठीच बांधलेलं असतं. संशय गेला तो पोटातल्या मालावर.

घरी पिठाचा डबा भरताना आपण तो ओट्यावर आपटतो. पीठ खाली बसतं, वर जागा होते. होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या मालाच्या कोठारात, रोलिंग (जहाजाचं डावी-उजवीकडे डुलणं) आणि इंजिनाची थरथर हेच काम दिवसरात्र करतात. कण जवळ सरकतात, फटी आवळतात. फटीत हवा असेल तर निघून जाते. पाणी असेल तर त्याला वाटच नाही. दाब वाढतो, कण एकमेकांवर टेकेनासे होतात आणि काल घट्ट असलेला ढीग आज चिखलासारखा वाहतो. जहाज डावीकडे झुकलं की माल डावीकडे, परत येताना मात्र अर्धाच परत. लिस्ट, म्हणजे एका बाजूचा कल, राहते. घाबरून उलट्या बाजूला बॅलास्ट (तोल सावरायचं पाणी) भरलं तर सगळा माल तिकडे कोसळून जहाज दुसऱ्या अंगावर पडू शकतं. लाइफबोटीपर्यंत पोचायलाही वेळ मिळत नाही.

आणि हे कुणाला ठाऊक नव्हतं? 2009 च्या पावसाळ्यात आपलंच भिजलेलं लोहखनिज घेऊन मंगळूरजवळ एशियन फॉरेस्ट आणि पारादीपजवळ ब्लॅक रोझ बुडालं. गोव्यात मांडवी-जुवारीतल्या बार्जवर (माल नेणाऱ्या सपाट होड्यांवर) उघडी खनिज-माती भरताना बघितलेल्यांना यात नवल वाटणार नाही. 2010 च्या अखेरीस सहा आठवड्यांच्या आत निकेलची तीन जहाजं, 44 माणसं. 1 जानेवारी 2011 पासून असा सुटा माल वाहण्याचा आंतरराष्ट्रीय नियमसंच, IMSBC कोड, सक्तीचा झाला. त्याच वर्षी नाताळला व्हिनालाइन्स क्वीन बुडालं, 23 पैकी एकच वाचला. तरी सहा वर्षांनी एमराल्ड स्टार!

कागद चोख असतात हो. माल ज्या ओलाव्याला वाहायला लागतो त्याच्या 90 टक्के ही मर्यादा, ओलावा मोजायचा लोडिंगच्या आधी सात दिवसांच्या आत. पण सॅम्पल घेतात ढिगाच्या वरच्या उन्हात सुकलेल्या थराचं. आत माती चिंब. मधल्या दिवसांत पाऊस पडला तर आकडा रद्दी, पण पुन्हा मोजतो कोण? निकेलचं खनिज चिकणमातीसारखं असतं, वरून कोरडं ठणठणीत दिसतं.

कॅप्टनने नाही म्हणावं, हे खरं. काही म्हणतातही. मग फोन सुरू होतात आणि थांबलेल्या प्रत्येक तासाचा हिशेब त्याच्याच माथी.

जाऊ दे. राग काढून ते दहा परत येणार नाहीत.

जहाजावर जाणाऱ्या पोरांनो, तुमच्यासाठी एवढंच. अर्धा ते एक लिटरचा डबा घ्या, गॅलीतला (जहाजाच्या स्वयंपाकघरातला) मिल्क पावडरचाही चालेल. मालाने अर्धा भरा, वीतभर उंचीवरून कडक जागेवर एकेक-दोन सेकंदांनी 25 वेळा आपटा. वर पाणी चमकलं किंवा माल लिबलिबीत झाला तर लोडिंग थांबवून प्रयोगशाळेचा आग्रह धरा. कोरडा राहिला तरी निर्धास्त होऊ नका, ते कोडमध्येच लिहिलंय. प्रत्येक बार्जमधून माल घ्या, वरचा नको, हात घालून आतला. पाऊस आला की हॅच (होल्डची झाकणं) बंद. बार्जवाला ओरडेल, ओरडू दे.