आयपीएलमध्ये ड्राफ्ट नको

आयपीएलचा लिलाव जवळ आला की एक मागणी हमखास निघते : कोटींच्या बोल्या पुरे झाल्या, अमेरिकेसारखा ड्राफ्ट आणा, तळाच्या संघाला आधी निवड मिळू दे. इथे अमेरिकेत एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचे, सौदे बारकाईने पाहिल्यावर मला ही मागणी पटत नाही.

ड्राफ्टमध्ये संघ नवे खेळाडू फेरीफेरीने, ठरलेल्या क्रमाने निवडतात; एका निवडीच्या हक्काला पिक म्हणतात. इथले संघ पुढच्या वर्षांतले पिकही विकतात. भाव ठरवताना नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइजने केलेला तक्ता अजून आधाराला घेतात : पहिला पिक 3000 गुण, सोळावा 1000, बत्तिसावा 590. पुढच्या वर्षीचा पिक असेल तर एक फेरी खाली मोजायचा, त्यापुढचा असेल तर दोन. क्रमांक कितवा लागेल ते ठाऊक नसतं, म्हणून फेरीचा मध्य धरतात.

मार्च 2023 मध्ये कॅरोलायना पँथर्सने शिकागोकडून पहिला पिक घेतला. बदल्यात नववा (1350) आणि एकसष्टावा (292) दिला. उरले 1358. 2024 चा पहिल्या फेरीचा पिक दुसऱ्या फेरीच्या मध्याला धरला तर 420, 2025 चा दुसऱ्या फेरीचा सुमारे 70. राहिलेले साधारण 870 डी. जे. मूर या खेळाडूचे. कागदावर हिशेब चोख. त्या हंगामात पँथर्स 17 पैकी 15 सामने हरले आणि 420 चा पिक थेट पहिल्या क्रमांकाचा, 3000 चा निघाला. शिकागोने त्यावर केलेब विल्यम्सला घेतलं.

नुसतं नशीब म्हणून हे सोडून देता येत नाही. स्वतःचा पिक नववा असलेला संघ मूरसारखा रिसीव्हर (पास झेलणारा) देऊन नवखा क्वार्टरबॅक (पास फेकणारा, हल्ल्याचा सूत्रधार) आणतो, तेव्हा पुढच्या वर्षी तो मध्यावर असेल हे गृहीतकच कच्चं. शिवाय पहिल्या फेरीच्या मध्याचा, 1000 चा पिक वर्षभर आधी 420 ला विकणं म्हणजे जवळपास 138 टक्के व्याज! असं कर्ज कोण काढतो? ज्याची नोकरी याच हंगामावर टांगलेली आहे असा व्यवस्थापक. फेडतो त्याच्यानंतर येणारा.

आणि मुळात पिकला एवढी किंमत का? एनएफएल आणि खेळाडू संघटनेच्या 2011 च्या करारापासून नव्या खेळाडूचा पगार पिकच्या क्रमांकावर बांधलेला आहे. करार चार वर्षांचा, पहिल्या फेरीत पाचव्या वर्षाचा हक्कही संघाकडे. चांगला खेळाडू स्वस्तात मिळतो, त्यातून पिकचा भाव येतो. म्हणजे तो खेळाडूच्याच खिशातून जातो. याउलट आयपीएलच्या डिसेंबर 2023 च्या लिलावात समीर रिझवी या नवोदित फलंदाजाची मूळ किंमत 20 लाख होती. संघांची चढाओढ झाली म्हणून चेन्नईला 8.40 कोटी मोजावे लागले. ड्राफ्टमध्ये त्याच्यावर एकाच संघाचा हक्क असता.

समतोलाचं म्हणाल तर आयपीएलच्या लिलावात खर्चाची मर्यादा सगळ्या संघांना सारखीच आहे. अदलाबदल होते ती खेळाडूची किंवा रोख पैशांची, त्यात पुढची वर्षं गहाण पडत नाहीत. तरीही ड्राफ्ट आणायचाच असेल, तर सलग दोन वर्षं पहिल्या फेरीच्या पिकविना राहावं लागेल असा सौदा एनबीए ही इथली बास्केटबॉल लीग संघांना करू देत नाही, तेवढी अट तरी पहिल्या दिवसापासून घाला. एनएफएलमध्ये ती नाही.