लिंबूपाण्याने दारू ‘उतरत’ नाही, माझाच मेसेज मागे घेतोय

गटारीच्या आदल्या दिवशी मीच ग्रुपवर टाकलं होतं: ‘लिंबूपाणी किंवा कडक कॉफी घ्या, अर्ध्या तासात उतरते, मग खुशाल गाडी चालवा.’ ते चूक होतं. आमच्या डॉक्टर वहिनींनी वाचलं आणि लगेच फोन केला.

कॉफीने झोप उडते, एवढंच. रक्तातलं अल्कोहोल मुख्यतः यकृत संपवतं, तेही आपल्याच चालीने: १०० मिलिलिटर रक्तामागे ताशी साधारण १५ मिलिग्रॅम. रात्री एकला १५० वर असलेला सकाळी आठला ४५ च्या आसपास असतो. कायद्याची मर्यादा ३० आहे!

५० च्या सुमारास माणूस मोकळा बोलतो, पण अंदाज तेव्हाच चुकायला लागलेले असतात. १५० च्या पुढे तोल जातो, उलट्या होतात. ३०० नंतर शुद्ध हरपू शकते, ४०० ला श्वासही थांबू शकतो. आणि शेवटच्या पेगनंतरही पातळी काही वेळ चढतच असते. म्हणून ‘झोपू दे त्याला’ म्हणत उताणं सोडू नका, कुशीवर वळवा. हलवूनही जागा होत नसेल तर लगेच १०८.

जुना मेसेज डिलीट केलाय. तुम्ही पुढे पाठवला असेल तर तिथे हा टाका, तो आता फिरवू नका.