न्यूटनचा बिनखिळ्याचा पूल आणि आमचा फॅमिली ग्रुप

सप्टेंबर संपत आला की मुलांना इंग्लंडला कॉलेजात सोडायला गेलेले आईबाबा फोटो टाकायला लागतात, आणि त्यांच्या मागोमाग हा फॉरवर्ड येतोच येतो. नदीवरचा एक लाकडी पूल, आणि खाली मजकूर असा की केंब्रिजचा हा 'मॅथेमॅटिकल ब्रिज' खुद्द न्यूटनने एकही खिळा न वापरता बांधला, पुढे विद्यार्थ्यांनी आतली गोम कळावी म्हणून तो सगळा खोलला, मग काही केल्या परत जोडता येईना, म्हणून शेवटी नटबोल्ट मारून कसाबसा उभा केला. यंदा आमच्या ग्रुपवर एका काकांनी टाकला, वर 'आजच्या इंजिनिअर्सनी वाचावे' असा टोमणा. मी राहतो या पुलापासून सायकलने दहा मिनिटांवर, त्यामुळे म्हटलं आता लिहूनच टाकू.

पहिला मुद्दा, न्यूटनने बांधला. काका, न्यूटन वारला १७२७ साली. पूल झाला १७४९ मध्ये. म्हणजे मधे बावीस वर्षं गेली. बरं न्यूटन होता ट्रिनिटी कॉलेजचा, पूल आहे क्वीन्स कॉलेजात, आणि १६९६ लाच तो टांकसाळीच्या नोकरीसाठी लंडनला निघून गेला होता. पुलाचं डिझाइन १७४८ मध्ये केलं विल्यम एथरिजने, हा लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलाच्या कामावरचा सुतार, आणि प्रत्यक्ष बांधला जेम्स एसेक्सने, जो न्यूटन गेला तेव्हा साधारण पाच वर्षांचं पोर होता. मला राग येतो तो इथेच. हाताने काम करणारी दोन माणसं, त्यांची नावं माहीत आहेत, सालं माहीत आहेत, आणि आपण त्यांचं श्रेय उचलून अशा माणसाला देतो ज्याला श्रेयाची आधीच काही कमी नाहीये.

दुसरा मुद्दा, एकही खिळा नाही. होते की! मूळ पुलाच्या सांध्यांत लोखंडी स्क्रू किंवा पिना होत्या, फक्त त्या बाहेरच्या अंगाने ठोकलेल्या, त्यामुळे पुलावरून चालणाऱ्याला आतून दिसायच्या नाहीत. दिसत नाही म्हणजे नाहीच, असं कुणीतरी धरून चाललं.

आणि खरी गंमत खिळ्यांत नाहीच आहे. लांबून पूल कमानीसारखा गोल दिसतो ना, जवळ जाऊन बघा, त्यात एकही वाकवलेलं लाकूड नाही. सगळ्या सरळसोट तुळया. वर्तुळाला स्पर्शरेषा काढतो तशा एकापुढे एक तिरक्या लावत नेल्यात, आणि त्यांना आडव्या छेदणाऱ्या दुसऱ्या तुळया, सायकलच्या चाकाच्या तारा जशा मधल्या आसाकडे जातात तशा, वर्तुळाच्या मध्याकडे रोखलेल्या. या दुसऱ्या तुळया स्पर्शरेषावाल्या तुळयांना आवळून धरतात आणि मग सगळीकडे त्रिकोण तयार होतात, आपल्याकडे पत्र्याच्या छपराखाली कैची असते तेच तत्त्व, त्रिकोण मोडल्याशिवाय हलत नाही. शिवाय तुळईवर भार येतो तो मुख्यतः तिच्या लांबीतून दाबणारा, वाकवणारा फार कमी, आणि लांबीतून दाबलं तर लाकूड भरपूर सोसतं. म्हणजे नावात मॅथेमॅटिकल आहे ते उगाच नाही, पण हे गणित सुताराचं आहे. (कॉलेजच्या लेखी त्याचं नाव नुसतं 'वुडन ब्रिज' आहे हो.)

तिसरा, विद्यार्थ्यांनी खोलला. विचार करा, खाली वाहती नदी, वर असा पूल जो सगळा एकमेकांवर रेटून उभा आहे, त्याची चार लाकडं काढायची तर आधी खालून टेका द्यायला लाकडी सांगाडा उभा करावा लागेल, मग एकेक जड तुळई उतरवायची, आणि हे सगळं कॉलेजच्या आत, खोल्यांच्या खिडक्यांसमोर, कुणाच्या लक्षात न येता? इथे पोरांना एक सायकल हिरवळीवर ठेवू देत नाहीत.

पूल परत बांधला हे मात्र खरंय. मूळचा ओकचा होता, लाकूडच ते, इंग्लंडच्या पावसात किती टिकणार, तर १८६६ मध्ये डागडुजी झाली आणि १९०५ मध्ये अख्खा नव्याने बांधला, त्याच डिझाइनप्रमाणे, पण या वेळी सागवानात. आणि या वेळी आरपार बोल्ट घातले, नट आतूनही ढळढळीत दिसतात. मला वाटतं गोष्ट इथूनच सुरू झाली असणार: आधी काही दिसत नव्हतं, आता बोल्ट दिसतात, म्हणजे नक्की मधे कुणीतरी काहीतरी बिघडवलं!

फॉरवर्डच्या शेवटी आणखी एक ओळ चिकटवलेली असते, की डोक्यात सफरचंद पडलं ते झाडही तिथेच आहे. ट्रिनिटीच्या दरवाजाबाहेर एक झाड आहे, पण ते १९५४ ला लावलेलं, न्यूटनच्या वूल्सथॉर्पच्या घरच्या झाडाच्या वंशातलं कलम. प्लेगमुळे १६६५ मध्ये युनिव्हर्सिटी बंद पडली तेव्हा तो घरी गेला होता, सफरचंदाचा किस्सा तिथला. आणि डोक्यात वगैरे काही पडलं नव्हतं, त्याने फक्त पडताना बघितलं.

तुम्हाला केंब्रिज आणि गणित एका वाक्यात हवंच असेल तर रँग्लर परांजपे घ्या ना, १८९९ चे सीनियर रँग्लर, म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या क्रमांकाचे, सेंट जॉन्स कॉलेज, त्यात एक शब्द बदलावा लागत नाही.

तर परवा संध्याकाळी सिल्व्हर स्ट्रीटच्या पुलावर उभा होतो, तिथून उत्तरेला हा पूल फुकटात आणि छान दिसतो. भिंतींवरचे वेल लालभडक झालेत, फुटपाथवर हॉर्स चेस्टनटच्या चकचकीत तपकिरी बिया पडल्यात, नवी पोरं सायकलला बास्केट लावून रस्ता चुकत फिरतायत. खालून एक पंट गेली, म्हणजे ती सपाट होडी, बांबूसारख्या लांब काठीने ढकलतात ती, आणि काठीवाला मुलगा पर्यटकांना सांगत होता, 'न्यूटन... एकही खिळा नाही...' होडी बरोबर पुलाखाली होती, आणि त्याच्या डोक्यावर बोल्टांची सगळी रांग दिसत होती. एका आजींनी मान वर केली, बघितलं, आणि काठीवाल्याकडे वळून काहीतरी विचारलं. होडी पुढे गेली, उत्तर काही ऐकू आलं नाही.