‘त्यांनी काय उपकार केले?’ म्हणणाऱ्या पोस्टला उत्तर

कोरोनाचा विषय निघाला की आमच्याकडच्या गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पोस्ट हमखास फिरते. तिचा गोषवारा असा: खेड्यात कोरोना नव्हताच. असला तरी उन्हातान्हात राबणाऱ्याला तो होत नव्हता. आशा, सफाई कामगार, कोतवाल, शिपाई यांना पगार होता, किट होतं, मेल्यावर पन्नास लाख होते आणि लसही पहिली त्यांनाच. भीती वाटत होती तर काम सोडायचं होतं, योद्धे कसले? शेवटी हात जोडलेले आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मला पटलं नाही. मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर आहे. सर्वेक्षणाच्या ड्यूटीत या माणसांच्या सोबतीने गावात फिरलो आहे, त्यामुळे एकेक मुद्दा घेऊनच बोलतो.

‘खेड्यात कोरोना होता कुठे?’

फेब्रुवारी २०२१ आठवा. मुंबई-पुण्यात लोक मोकळे फिरू लागले होते आणि दुसऱ्या लाटेने डोकं वर काढलं ते अमरावती-यवतमाळकडे. २२ फेब्रुवारीपासून अमरावती जिल्ह्यात पुन्हा टाळेबंदी लागली. पुढे जून-जुलै २०२१ मध्ये आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने देशभरातल्या ७० जिल्ह्यांत रक्ताचे नमुने तपासले. शहरी भागात ६९.६ टक्के लोकांत प्रतिपिंडं (संसर्ग किंवा लशीनंतर रक्तात तयार होणारी) सापडली, ग्रामीण भागात ६६.७ टक्के लोकांत. त्यात काहींची लसीचीही असणार, पण खेडं कोरोनापासून लांब राहिलं असं हे आकडे म्हणू देत नाहीत.

मग तो दिसला का नाही? कारण तपासणी तालुक्याला, अहवाल जिल्ह्याहून, आणि तोवर माणूस गावातल्या डॉक्टरकडे सलाईन लावून बसलेला. शहरातला माणूस फुफ्फुस किती बिघडलं ते सांगणारा ‘स्कोअर किती आला?’ विचारत होता, कारण तो सिटीस्कॅन करू शकत होता. वावरात रोजीने जाणाऱ्या बाईचा कसला स्कोअर? ताप आला, दम लागला, गेली. कागदावर काहीच उमटलं नाही.

‘राबणाऱ्याला काही होत नाही.’

यात अर्धं खरं आहे आणि ते मान्य करतो. उघड्या वावरात निंदण करताना हा विषाणू लागण्याची शक्यता बंद खोलीपेक्षा पुष्कळ कमी. पण मजूर वावरात उडत जात नाही. ऑटोत, ‘छोटा हत्ती’ टेम्पोत एकमेकांच्या मांडीवर बसून जातो. कापसाच्या जिनिंगमध्ये काम करतो. राशनच्या दुकानात माप टाकतो. एप्रिल ते जून २०२० मध्ये महिलांच्या जनधन खात्यात महिन्याला ५०० रुपये आले, तेव्हा बँकेसमोरच्या रांगा आवरायला जो शिपाई उभा होता, त्याचं शरीर काटक होतं म्हणून विषाणू त्याला वळसा घालून गेला काय?

अंगमेहनतीने कोरोना टळत असता तर इंग्लंडचे आकडे उलटे दिसले असते. तिथल्या सरकारी सांख्यिकी कार्यालयाने मे २०२० मध्ये इंग्लंड आणि वेल्समधले मृत्यू व्यवसायवार मांडले. पुरुषांत सर्वांत वरच्या दरांपैकी एक होता सुरक्षा रक्षकांचा, १ लाखामागे ४५.७. टॅक्सीचालक, बसचालक, स्वयंपाकी, दुकानातले मदतनीस हेही सरासरीच्या वर. डॉक्टर आणि नर्स यांचा दर मात्र त्या पहिल्या मांडणीत त्यांच्या वयाच्या इतर लोकांपेक्षा जास्त निघाला नाही. मोठ्या दवाखान्याच्या दारावर कमी पगारात उभ्या असलेल्या माणसाकडे तेव्हा कोणाचंच लक्ष नव्हतं, आपल्याकडेही.

‘पगार घेतात, मग काम केलं तर नवल काय?’

ही ओळ लिहिणाऱ्याने आपल्या गावच्या आशाताईला एकदा विचारायला हवं होतं, ‘ताई, तुमचा पगार किती?’ ती हसली असती. आशा ही सरकारच्या लेखी स्वयंसेविका आहे. साधारण हजार लोकसंख्येमागे एक. तिला मिळतो तो कामागणिक मोबदला: बाळंतपण दवाखान्यात झालं तर इतके, बाळाच्या घरी फेऱ्या केल्या तर तितके. वर ठरलेली थोडी रक्कम. कोरोना आल्यावर केंद्राने त्यात महिन्याला १००० रुपये वाढवले, म्हणजे दिवसाला साधारण ३३ रुपये. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २३८ रुपये होती. खड्डा खोदणाऱ्याची मजुरी जास्त नव्हतीच, हे आधी सांगतो. पण ज्या घरात ताप आहे त्याच घराची कडी वाजवायची, दारात उभं राहून नावं लिहायची, बोटाला ऑक्सिमीटर लावायचं, या कामाची जादा किंमत सरकारने खड्ड्याच्या सातव्या हिश्श्याएवढी धरली.

त्यात शिव्या वेगळ्या. मुंबई-पुण्याहून परतलेल्या पोराचं नाव यादीत टाकलं की त्याचे घरचे बोलायचे, नाही टाकलं की शेजारी बोलायचे. ‘काहून वो बाई, आमच्याच घराच्या मांगं लागली?’ हे मी स्वतः ऐकलं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मधल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत तीच घरं पुन्हा पालथी घातली, तीही सोयाबीनच्या सोंगणीच्या हंगामात, जेव्हा तिला स्वतःला वावरात जाऊन मजुरी कमावता आली असती. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशांनी संप केला तेव्हा कुठे १००० रुपयांची वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता पदरात पडला. त्या वेळी दुसरी लाट ओसरत आली होती.

आता आमची गोष्ट. मार्च २०२० चा पगार राज्य सरकारने टप्प्यांत दिला. आमच्या श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांना ७५ टक्के आधी, बाकी नंतर. त्यावर आम्हा मास्तर मंडळींच्या ग्रुपवर जो गलका झाला तो पाहिला असता तर पोस्टवाल्याने ‘पगार’ हा शब्द जपून वापरला असता.

‘सगळ्यांना किट दिलं होतं.’

काय दिलं आणि कोणाला? तालुक्याच्या कोविड सेंटरला पीपीई किट होते, मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे असताना. ते घालून तासन् तास काम करणं ही वेगळी शिक्षा होती. गावात मात्र ग्रामपंचायतीच्या सफाई कामगाराच्या आणि शिपायाच्या नाकाला बहुधा कापडी मास्क किंवा दुपट्टा. विषाणू हवेतून पसरतो, त्याला कापड पुरेसं पडत नाही. घट्ट बसणारा एन-९५ लागतो, आणि तो एकदा देऊन भागत नाही.

पण मला जास्त बोलायचं आहे ते पाठीवरच्या पंपाबद्दल. टाळेबंदी लागताच गावोगाव हायपोक्लोराइट या क्लोरीनच्या जंतुनाशकाची फवारणी सुरू झाली. पराटीवर (कपाशीवर) औषध मारायचा तोच पंप, तोच माणूस, दुपट्टा बांधलेला, पायात स्लिपर. नाल्या, भिंती, मंदिराच्या पायऱ्या, काही ठिकाणी तर परगावाहून आलेली माणसंसुद्धा फवारून काढली. १८ एप्रिल २०२० ला केंद्राच्या आरोग्य खात्याने सांगितलं की माणसांवर असली फवारणी करू नका, तिने डोळ्यांना, घशाला, कातडीला इजा होते. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की उघड्या रस्त्यांवर फवारून विषाणूचं फारसं काही बिघडत नाही. म्हणजे गावाच्या समाधानासाठी एका माणसाने दिवसभर क्लोरीनची वाफ ओढली.

यवतमाळकराला तरी यात नवीन काही वाटू नये. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. तेव्हाही जबाबदार लोकांचं पहिलं उत्तर होतं, ‘त्यांनी मास्क-हातमोजे घातले नव्हते.’ ते त्यांना कोणी दिले होते, पराटी डोक्याएवढी वाढलेली आणि ऑक्टोबरचं ऊन असताना ते घालून काम होतं का, हे नंतर. तीन वर्षांनी पंपातलं औषध तेवढं बदललं होतं.

‘मेल्यावर घरच्यांना पन्नास लाख मिळाले.’

केंद्राची ५० लाखांची विमा योजना ३० मार्च २०२० पासून लागू झाली, ही गोष्ट खरी, आणि आशांचाही त्यात समावेश होता. पण ती मृत्यूपुरती होती. आजारी पडून पंधरा दिवस मजुरी बुडाली, खाजगी दवाखान्याचं बिल झालं, घरी नेलेल्या कोरोनाने सासू गेली, यातल्या कशालाही तिच्यात जागा नव्हती. दाव्यासाठी कोरोना असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल लागायचा. अहवाल येण्याआधीच माणूस गेला तर त्याच्या बायकोने तो कागद आणायचा कुठून?

आणि या यादीबाहेरचे? बाजार समितीतला हमाल, मापारी, राशन दुकानातला पोऱ्या, काळीपिवळीचा ड्रायव्हर. त्यांच्या घरच्यांना मिळाली असेल तर कोरोनाने गेलेल्या कोणाही नागरिकाच्या वारसाला मिळाली तीच ५० हजारांची मदत. तीही कागद असेल तर.

‘भीती होती तर काम सोडायचं.’

पोस्टमधली सगळ्यात निर्दय ओळ ही, आणि सगळ्यात जास्त लाइक तिलाच असतात. घरी बसणं हा त्या काळातला मोठा हक्क होता आणि तो सगळ्यांना मिळाला नव्हता. टाळेबंदी लागली तेव्हा आमच्याकडे कित्येकांच्या घरात कापूस पडून होता. खरेदी पुन्हा सुरू झाली तेव्हा ते गठ्ठे उतरवायला, तोलायला माणसं लागलीच. चंद्रपूर-गडचिरोली-गोंदियातून मिरची तोडायला तेलंगणात गेलेले मजूर तिकडेच अडकले, काही जंगलवाटेने पायी निघाले. परतल्यावर चौदा दिवस शाळेत विलगीकरण, आणि लगेच तेंदूपत्त्याचा हंगाम. तो सोडला तर वर्षातला रोख पैसाच गेला. एका हमालाने मला सरळ विचारलं होतं, ‘गुरुजी, घरी बसून राहू त खाऊ काय?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझा उरलेला २५ टक्के पगार येणारच होता.

२२ मार्चच्या संध्याकाळी पाच वाजता थाळ्या मीही वाजवल्या. त्यावर जास्त काही लिहीत नाही.

‘लस तर पहिली त्यांनाच.’

आशा, अंगणवाडी सेविका, नर्स यांना जानेवारी २०२१ पासून, पोलीस आणि सफाई कामगारांना फेब्रुवारीपासून लस मिळाली. ते योग्यच झालं. पण हमाल, ड्रायव्हर, दुकानातला पोऱ्या हे ‘फ्रंटलाइन’ या शब्दात बसले नाहीत. त्यांना आपापल्या वयाची पाळी येईपर्यंत थांबावं लागलं, म्हणजे पंचेचाळीसच्या आतल्यांना १ मे पर्यंत. १ मे ला दार उघडलं तेही मोबाइलवरून नोंदणी करणाऱ्यालाच. सकाळी स्लॉट सुटले की मिनिटांत संपायचे. मग राज्यभर ठिकठिकाणी हे दिसलं: शहरातली मंडळी गाड्या घेऊन खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर लस टोचून जात होती, गावातला मजूर बाहेर उभा राहून पाहत होता, आणि ‘आमच्याच गावात आम्हाले काहून नाही?’ हा सवाल ऐकून घ्यायला दारात होती ती आशाताईच.