कर शून्य, मग अडलं कुठे?

‘ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला, पण व्यापाराचं काहीच बिघडलं नाही’ अशी पोस्ट पुन्हा फिरतेय. तिचे मुद्दे तीन: करारामुळे आयातकर शून्य आहे, घट दिसते ती कोविडची, आणि युरोप सुटला तरी सगळं जग मोकळं झालं.

२४ डिसेंबर २०२० रोजी ठरलेला करार शून्य कराचा आहे, खरंय. पण ती सवलत ब्रिटनमध्ये किंवा युरोपात बनलेल्या मालाला, आणि त्यातही अटी आहेत: युरोपात बनलेला माल ब्रिटनमध्ये नुसता उतरवून पुन्हा युरोपला धाडला, तर सवलत जाते. मार्क्स अँड स्पेन्सर या ब्रिटिश दुकान-साखळीच्या ‘पर्सी पिग’ गोळ्या घ्या. गुलाबी, डुकराच्या तोंडाच्या, बनायच्या जर्मनीत. त्या इंग्लंडच्या गोदामात उतरून डब्लिनच्या दुकानाकडे निघाल्या की कराच्या कचाट्यात! जर्मनी संघात, आयर्लंडही संघात. मध्ये इंग्लंडचं गोदाम आलं, एवढाच गुन्हा.

जिथे कर नाही तिथे कागद आहेत. मांस, चीज पाठवायचं तर पशुवैद्यकाच्या सहीचं प्रमाणपत्र हवं. स्कॉटलंडच्या बियाण्याच्या बटाट्याला तर युरोपचं दारच बंद झालं. जानेवारी २०२१मध्ये हुक ऑफ हॉलंड बंदरावर डच अधिकाऱ्यांनी एका ट्रकचालकाचं हॅम सँडविच काढून घेतलं. निदान पाव तरी ठेवू द्या, म्हणाला बिचारा. तोही गेला.

हसू येतं, पण कागदांचा खर्च मोठी कंपनी हजारो खोक्यांवर वाटून टाकते. महिन्याला चार खोकी पाठवणाऱ्याने काय करायचं? लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांच्या हिशेबाने सुमारे १६,४०० ब्रिटिश कंपन्यांनी युरोपला माल पाठवणंच सोडलं. मोठ्यांना फारसा धक्का बसला नाही, हेही त्यांनीच नोंदवलंय. पोस्ट लिहिणाऱ्याला बहुधा तेवढेच दिसले.

कोविडचं म्हणाल, तर आयर्लंडच्या बेटाकडे बघा. उत्तर आयर्लंड ब्रिटनचाच भाग, पण मालापुरते त्याला युरोपचेच नियम लागू राहिले. २०२१मध्ये आयर्लंडने तिथून आणलेला माल ६५ टक्क्यांनी वाढला, तिथे पाठवलेला ५४ टक्क्यांनी. त्याच वर्षी उरलेल्या ब्रिटनमधून येणारा माल मात्र घटला. साथ दोन्हीकडे तीच होती ना? यातला बराच व्यापार नवा नाही, फक्त वाट बदललेला आहे, हे मान्य. पण ती बदलावी लागली. २ जानेवारी २०२१पासून आयर्लंडच्या रॉसलेअर बंदरातून फ्रान्सच्या डंकर्कला थेट फेरी सुरू झाली. इंग्लंडचा रस्ता टाळायला ट्रक जवळजवळ अख्खा दिवस समुद्रात काढतात.

राहिलं ‘मोकळं जग’. ब्रिटन डिसेंबर २०२४मध्ये पॅसिफिक देशांच्या व्यापार करारात शिरला. त्याने जीडीपीत दीर्घकाळात ०.१ टक्क्याहूनही कमी भर पडेल, हा ब्रिटिश सरकारचाच अंदाज. उलट सरकारी आकड्यांवर नजर ठेवणारं ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी धरून चालतं की, संघात राहिला असता त्यापेक्षा ब्रिटनचा व्यापार शेवटी १५ टक्क्यांनी कमी राहील. मे २०२५मध्ये लंडननेच खाद्यपदार्थ आणि रोपांवरच्या तपासण्या कमी करण्यासाठी युरोपशी नवा करार करायचं ठरवलं, तेही युरोपचे नियम पाळायची तयारी दाखवून.