थकबाकीदार तरुण

गेल्या शनिवारी, मीच बोलावलेल्या सभेत, मीच झाडून घेतलेल्या खोलीत आणि मीच आणलेल्या समोशांच्या साक्षीने मला मतदानास अपात्र ठरवण्यात आले आणि ज्यांनी हा निकाल दिला त्यांच्यासाठी खोलीतल्या अकराही मुलांनी टाळ्या वाजवल्या.

आमची ख्रिस्ती मंडळी (चर्च) अहिल्यानगरची, म्हणजे ज्या गावाला आमची जीभ अजून नगरच म्हणते, तिथली. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1831 साली इथे आले आणि 1842 साली इथूनच 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक निघू लागले, हे आमच्या प्रत्येक वार्षिक सभेत अभिमानाने सांगितले जाते. त्याला जोडूनच, हल्ली उपासनेला तरुण दिसत नाहीत, ही हळहळही येते. यंदा ती आली तेव्हा मी चुकून पहिल्या बाकावर बसलो होतो. चाळिशीला टेकलेला मी त्या बाकावरचा सर्वांत तरुण माणूस ठरलो आणि आठवी ते दहावीच्या मुलांचा बंद पडलेला तरुण संघ पुन्हा सुरू करण्याची जबाबदारी पाळकसाहेबांनी प्रार्थनेसह माझ्यावर सोपवली. प्रार्थना चालू असताना नाही म्हणता येत नाही, याचा अनुभव ज्याला आहे त्याला माझी अडचण कळेल.

रविवार सुचवला तर मुलांच्या आया हसल्या. 1780 च्या सुमारास ग्लॉस्टरमध्ये रॉबर्ट रेक्स यांनी शब्बाथ शाळा, म्हणजे चर्चची रविवारची शाळा, सुरू केली ती, आठवडाभर कारखान्यात राबणाऱ्या मुलांना तेवढा एकच दिवस मोकळा असतो म्हणून. आमच्या मुलांना तोही नाही, कारण रविवारी क्लासची टेस्ट सिरीज असते. शेवटी शनिवारी साडेपाच ते साडेसहा हा तास मिळाला, त्यातही दोघांना सहाला गणिताच्या क्लासला पळायचे होते. मुले आली तेव्हा ती मला 'दादा' म्हणतील अशी माझी भाबडी कल्पना होती. पहिल्याच मुलाने "अंकल, समोसे आधी की नंतर?" असे विचारून ती निकालात काढली.

मी तीन रात्री जागून बायबलमधल्या युतुखावर तयारी केली होती. त्रोवस गावात प्रेषित पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबले, खिडकीत बसलेल्या युतुख नावाच्या तरुणाला झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लांबलेल्या उपदेशाने तरुणांचे काय होते याचा याहून जुना पुरावा मला ठाऊक नाही. मी "मुलांनो, एक मुलगा खिडकीत बसला होता," एवढेच म्हणालो होतो, तोच दार उघडले आणि काका आत आले.

काका 74 वर्षांचे आहेत. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेने, हातात रेक्झिनची पिशवी. "जय ख्रिस्त," असे म्हणून त्यांनी माझी खुर्ची घेतली, पिशवीतून लाल कापडी पुठ्ठ्याची वही काढली, चष्मा बदलला आणि विचारले, "सभेची नोटीस कोणाच्या सहीने निघाली?"

मी सांगितले की नोटीस निघालीच नाही, आयांच्या व्हॉट्सअॅप गटावर निरोप टाकला होता.

"म्हणजे सभा बेकायदा आहे," काका म्हणाले. "पण सभासद जमलेच आहेत, तर आपण ती कायदेशीर करून घेऊ."

तेव्हा उलगडा झाला तो असा. काका 1967 साली तरुण संघाचे सभासद झाले, 1973 साली खजिनदार झाले आणि त्यानंतर त्यांनी राजीनामा दिलेला नाही, कारण तो कोणी मागितलेला नाही. संघ बंद पडला हे त्यांना मान्य नव्हते. त्यांच्या मते तो तहकूब होता. मी शक्य तितक्या आदराने म्हणालो, "काका, पण हा तरुण संघ आहे." त्यांनी वहीचे पहिले पान उघडून घटनेचे तिसरे कलम वाचून दाखवले: 'वय वर्षे 13 पासून पुढे.' मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहत ते म्हणाले, "पुढे म्हणजे कुठपर्यंत, ते घटनाकारांनी लिहिलेले नाही. आपण कोण ठरवणार?"

मी वायएमसीएचे, म्हणजे ख्रिस्ती तरुणांच्या जुन्या संघटनेचे, उदाहरण दिले. 1844 साली लंडनमध्ये ती सुरू करणारे जॉर्ज विल्यम्स तेव्हा अवघे 22 वर्षांचे होते, तरुणांचे काम तरुणांनीच उभे केले आहे, वगैरे. काकांनी मला पूर्ण बोलू दिले, आणि ते त्यांचे नेहमीचे अस्त्र आहे हे मला ठाऊक असायला हवे होते. "विल्यम्स साहेब वारले तेव्हा 84 वर्षांचे होते," ते म्हणाले, "आणि तोवर त्यांना त्यांच्या संस्थेतून कोणी उठवले नव्हते." पाठोपाठ बायबलमधून 103 व्या स्तोत्रातले गरुडासारखे नवे होणारे तारुण्य आले, 85 व्या वर्षी डोंगराळ मुलूख मागून घेणारा कालेब आला, आणि अखेर, कोणी तुझे तारुण्य तुच्छ मानू नये, हे तीमथ्याला लिहिलेले वचन त्यांनी माझ्याकडे बोट रोखून म्हटले. मुले युतुखाला विसरली. खिडकीतून पडलेल्या मुलापेक्षा खुर्चीतून न उठणारे काका त्यांना कितीतरी अधिक आवडले होते.

यानंतर शेवटच्या सभेचे इतिवृत्त वाचण्यात आले. ती सभा बरीच वर्षे आधी झाली होती आणि तिच्यात तबल्याच्या वादीचा खर्च मंजूर झाला होता. एका मुलीने 'वादी' म्हणजे काय ते विचारले, काकांनी बाकाच्या कडेला बोटे लावून तबला कसा आवळतात ते दाखवले, आणि त्यात सात मिनिटे गेली. माझ्या मांडीवर गिटार होती. तिच्याकडे पाहून काका म्हणाले, "हे वाद्य आपल्या भजनांचे नाही." नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या आणि ओवीच्या वळणाची भजने आणली तेव्हा इंग्रजी चालींना सरावलेल्या कानांना ती भजनेही नवीच होती, हे मी बोलणार होतो, पण सभासद नसलेल्यांनी चर्चेत भाग घेऊ नये, असे तोवर ठरले होते.

कारण दरम्यान वर्गणीचा विषय निघाला होता. वर्गणी महिना 1 रुपया. मुलांकडे सुटे नव्हते, मी खिशातून वीसची नोट काढली, काकांनी अकरा मुलांचे अकरा रुपये कापून अकरा पावत्या फाडल्या आणि नऊ रुपये मला परत केले. मग त्यांनी वहीत माझे नाव शोधले. नववीत असताना, 1999 साली, मीही या संघाचा सभासद झालो होतो आणि 2000 अखेरची माझी वर्गणी जमा होती. "2001 पासून 2025 अखेर 25 वर्षे, 300 रुपये थकबाकी," काकांनी जाहीर केले. मी फोनवरून लगेच पाठवतो म्हणालो, तर संघाचे खाते फोनवर नाही, असे उत्तर आले. माझ्या मुठीत नऊ रुपये होते. माझ्याच पैशांनी सभासद झालेल्या मुलांनी मग सूचक आणि अनुमोदक देऊन काकांना अध्यक्ष निवडले: अकरा विरुद्ध शून्य. माझा हात अर्धवट वर गेला होता. शेजारच्या मुलाने तो हळूच खाली केला.

इथवर मीही हसलो होतो. पण पावणेसहाच्या सुमारास आठवीतल्या एका मुलाने हात वर केला. आल्यापासून तो एक शब्दही बोलला नव्हता. तो म्हणाला, "शाळेत मुलं विचारतात, तुमचं आडनाव तर आमच्यासारखंच आहे, मग तुम्ही ख्रिश्चन कसे? त्यांना काय सांगायचं?" खरे म्हणजे मी ज्याच्यासाठी ही सगळी उठाठेव केली होती तो हाच प्रश्न होता, कारण आठवीत मलाही तो विचारला गेला होता आणि मला उत्तर देता आले नव्हते. काकांनी तो वहीत सुवाच्य अक्षरांत लिहून घेतला आणि म्हणाले, "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय, यात घेऊ." ऐनवेळची वेळ आलीच नाही. सहा वाजले, गणिताची दोन मुले उठली, बाकीची समोशांकडे वळली आणि सभा संपली.

याचा राग मला अजून आहे, आणि तो एकट्या काकांवर नाही. तरुण येत नाहीत म्हणून हळहळणारी हीच मंडळी, मुलांनी बाक सरकवला तर मागे वळून बघते. हंगामाच्या सणाला मंडळीत अर्पण आलेल्या पिकांच्या लिलावात यंदा एक भोपळा 1100 रुपयांना गेला आणि दोन वडील तो आपल्यालाच मिळावा म्हणून भांडले; तरुण संघाच्या अल्पोपाहारासाठी वर्षाला 1000 रुपये मागितले तेव्हा मात्र पंचमंडळाने 40 मिनिटे चर्चा करून 600 मंजूर केले. मुलांचे मोल भोपळ्याहून किती कमी, याचा हिशेब तरी आता चोख आहे. आणि खोली मिळते तीही लग्न नसेल त्या शनिवारी.

निघताना पाहिले तर तोच आठवीतला मुलगा काकांची रेक्झिनची पिशवी घेऊन त्यांच्यासोबत फाटकापर्यंत चालला होता. काका हातवारे करून काहीतरी सांगत होते आणि तो मान हलवत होता. ते काय बोलत होते ते मला ऐकू आले नाही, कारण मी समोशांचे कागद गोळा करत होतो.

मंगळवारी पुढच्या सभेची नोटीस घरी आली, काकांच्या अक्षरात, अध्यक्षांच्या सहीने. सोबत मागील सभेचे इतिवृत्त जोडले होते. 'उपस्थित सभासद' या मथळ्याखाली बारा नावे होती आणि त्याखाली एक ओळ होती: 'निमंत्रित: एक. यांनी स्वच्छता व अल्पोपाहाराची व्यवस्था केली. थकबाकी रु. 300.' ऐनवेळच्या विषयांत आठवीतल्या त्या मुलाचा प्रश्न शब्दशः उतरवलेला होता. माझे आडनाव मात्र चुकले आहे, आणि दुरुस्तीची सूचना फक्त सभासदाला मांडता येते.