'१० किमी'वाला मेसेज पुढं ढकलण्याआधी हे वाचा

मोठ्या आईच्या मोबाईलवरही तो मेसेज पोचला म्हणून लिहून राहिलो. मेसेज असा: १० जुलै २०२४ चा हिंगोलीचा भूकंप १० किमी खोल, बाकीचेही पाहा तर १० किमीच, म्हणजे खाली बॉम्बच्या चाचण्या चालू आहेत, ते लपवायला आकडे नंतर बदलवतात, आणि आपल्याकडे काळा पत्थर असल्यानं खरा भूकंप येतच नाही.

शेवटचं आधी घेतो, कारण त्याच्याच भरोशावर मोठी आई म्हणते की मागची मातीत रचलेली भिंत कशाला नीट करायची. अरे बापा, किल्लारी काळ्या पत्थरावरच आहे ना! ३० सप्टेंबर १९९३, ६.२ चा भूकंप, हजारो लोक दगडमातीच्या घरांखाली गेले. नंतर तिथं बोअर मारला तर साडेतीनशे मीटरच्या आतच काळा पत्थर संपला, खाली जुना ग्रॅनाइटी दगड लागला. म्हणजे काळा पत्थर वरचा थरच, भूकंप त्याच्या खालून येते.

आता १० किमी. एवढं मान्य, की तो आकडा बऱ्याचदा हातानं टाकलेला असते. अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था यूएसजीएस स्वतःच सांगते, खोली काढण्यापुरता डेटा नसला की १० किमी धरतो, पहिले ३३ धरायचो. काऊन? भूकंप मोजणाऱ्या स्टेशनवर लहर किती वाजता पोचली एवढंच कळते, मधल्या दगडातून ती किती वेगानं आली ते जमिनीखालच्या मॉडेलवरून धरावं लागते. चंद्रपूर-वणीकडे कोळशाचा वाळूखडक, यवतमाळकडे काळा पत्थर, गडचिरोलीत जुना कडक दगड, तिन्हीत वेग वेगळा, सगळीकडे एकच वेग धरला तर केंद्र सरकते, खोली चुकते, आणि जवळ स्टेशनच नसलं तर खोली बदलवून सुरुवातीची वेळ थोडी मागंपुढं केली तरी गणित जुळून जाते.

अन् बॉम्ब १० किमी खाली नेणार कोण? रशियानं कोलामधे १९७० पासून वीतभर रुंद भोक पाडलं, १२,२६२ मीटरला पोचायला १९८९ उजाडलं. पोखरणचे १९९८ चे खड्डे अर्धा किलोमीटरही नव्हते. शिवाय स्फोट चहूकडे ढकलते, म्हणून पहिला धक्का सगळीकडे वरच दिसायला पाहिजे; भूकंपात तो काही स्टेशनवर वर तर काहींवर खाली दिसते.

आकडे बदलतात कारण नंतर जास्त स्टेशनचा डेटा येते. बस.

४ डिसेंबर २०२४ चा तेलंगणातल्या मुलुगूचा ५.३ चा भूकंप, ज्यानं गडचिरोली-चंद्रपूर हललं, त्याची खोली आपल्याच राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्रानं ४० किमी दिली. तो मेसेजमधे काऊन नाही?